तुझ्या हातातला माइक

मन्मथ, तू गेल्याला आज अठरा दिवस झाले आणि माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मला ते जमत नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्ध्या भांडणातून उठून जायची तुझी जुनी खोड आहे. कॉलेजात असतानाही मी तावातावानं बोलत असायचे आणि तू चहाचा ग्लास ठेवून हळूच लॅबकडं निघून जायचास. तेव्हा मागं धावत येऊन तुझी बाही धरता यायची.

परवा सकाळी मी तुला मेसेज लिहिला. सवयीनं. ‘लातूरचा हॉल मिळालाय, प्रोजेक्टरची केबल तू आणतोयस ना?’ लिहून झाल्यावर कळलं, आणि पाठवला नाही. केबल तुझ्या बॅगेत आहे, बॅग निलंग्याला तुझ्या घरी आहे, आणि ती मागायला मी कुठल्या तोंडानं जाऊ? नवी केबल बाजारात मिळते. मी दुकानापर्यंत गेलेही, आणि तशीच परत आले.

सगळ्यांना वाटतं आपला हा संगणकवाल्यांचा ग्रुप मी काढला. पेपरातही ‘रेणुका मॅडमचा ग्रुप’ असंच छापून आलं होतं. ते कात्रण तूच मला पाठवलंस आणि खाली लिहिलंस, ‘अभिनंदन मॅडम’. टोमणा होता की कौतुक, हे मी विचारलं नाही. विचारायच्या अशा कितीतरी गोष्टी मी पुढं ढकलल्या, जसं काही तू कुठं पळून जाणार होतास.

खरं काय ते आपल्याला ठाऊक. पुण्यात नोकरीला होते तेव्हा मी दर महिन्याला संगणकवाल्यांच्या सभांना जायचे आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायचे. प्रश्न वहीत लिहून न्यायचे आणि तसाच घरी आणायचे. एकदा कुणीतरी अचानक माइक माझ्यापुढं धरला तर माझी दातखीळ बसली. मान हलवून नको म्हटलं आणि जिन्यात जाऊन रडले. घरून काम सुरू झालं, मी नांदेडला परत आले, आणि हे जिन्यातलं रडणं फक्त तुला सांगितलं. कारण तू हसणार नाहीस याची खात्री होती. लहानपणापासून बोलताना अडकणारा माणूस तू. ‘म’ आला की शब्द घशातच राहायचा, आणि घरच्यांनी नाव ठेवलं मन्मथ. ‘मी’ म्हणायचीही पंचाईत. कुणी ओळख विचारली की तू म्हणायचास, ‘आपण निलंग्याचे.’ पुढचं नाव मी सांगायचे.

तू तेव्हा लातूरला राहून साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांची सॉफ्टवेअर लिहीत होतास. माझं ऐकून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी मेसेज केलास: ‘आपल्याकडंच सुरू करू. खुर्च्या गोल मांडू. शेवटची रांगच ठेवायची न्हाई.’

पहिल्या सभेला नांदेडच्या भाग्यनगरमधल्या एका क्लासच्या खोलीत नऊ माणसं आली. त्यातला एक लॅपटॉप दुरुस्त करून मिळतो का हे विचारायला आला होता, आणि एक बायोडाटा घेऊन नोकरी मागायला. बाकीचे आपल्यासारखेच, आपल्या गावात बसून दूरच्या कंपन्यांचं काम करणारे आणि दिवसभर त्याबद्दल बोलायला कुणी नसलेले. ‘कुणीतरी पुढं येऊन बोला,’ असं मी बसल्या जागेवरून म्हटलं. सगळे आपापल्या चपलांकडं बघू लागले. मला वाटलं, संपलं. तेव्हा तू उठलास, खडू घेतलास आणि फळ्यावर लिहिलंस, ‘या महिन्यात काय बिघडवलं?’ त्याखाली स्वतःचं लिहिलंस. काट्याच्या प्रोग्राममध्ये तुझ्याकडून रिकाम्या गाडीचं आणि भरल्या गाडीचं वजन उलटंपालटं झालं होतं आणि उसाच्या गाड्यांची रांग पार गावाच्या वेशीपर्यंत गेली होती. लोक हसले. मग एकेक जण आपलं सांगायला लागला. माझी पाळी आली तेव्हा मी चाचणीचा समजून कंपनीचा खराखुरा डेटा कसा उडवला ते सांगू लागले, आणि अर्ध्यात ध्यानात आलं की मी उभी आहे, फळ्यापुढं, आणि बोलतेय.

नंतर मी तुला विचारलं, ‘हे कसं काय झालं रे?’

तू तुझा वेळ घेऊन म्हणालास, ‘चूक तर होऊनच बसली की. आता भ्यायचं कशाला?’

या एका वाक्यावर आपला ग्रुप उभा राहिला. एक महिना नांदेड, एक महिना लातूर. आधी चुकांचा फेरा, मग ज्याला कुणाला व्याख्यान द्यायचंय त्यानं द्यावं. फेऱ्याचा तुझा नियम होता: कुणाचं अडलेलं वाक्य दुसऱ्यानं पुरं करायचं नाही. तो तू कुणासाठी केलास हे सगळ्यांना कळत होतं आणि सगळे पाळत होते. तरी तू स्वतः कधी बोलला नाहीस. तुझी पाळी आली की फळ्यावर लिहायचास, आम्ही वाचायचो, तू हातावरचा खडू झटकून खाली बसायचास.

आणि माझी जीभ सुटली ती सुटलीच. कंधारच्या कॉलेजात बोलले, संभाजीनगरला जाऊन बोलले. तू मुद्दे काढून द्यायचास, मी बोलायचे. लोक येऊन म्हणायचे, मॅडम, काय बोलता तुम्ही. मला ते आवडायचं, कशाला खोटं सांगू. माझं घोडं मी दामटत होते आणि लगाम तुझ्या हातात आहे असं स्वतःला समजावत होते. मला माणसांचं बोलणं संपेपर्यंत दम निघत नाही, हे तर तुझ्या केव्हाच लक्षात आलं होतं. अहमदपूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात आपण पुढच्या महिन्याची आखणी करायला बसायचो, तू तिकडून यायचास, मी इकडून. वेटर आला की तू ‘म’वर अडकायचास आणि मी ‘मसाला डोसा’ सांगून मोकळी व्हायचे. वर्षभरानं कळलं की तुला मिसळ हवी असायची. ‘मग बोलला का नाहीस?’ म्हणून मी तुलाच झापलं. तू हसलास आणि डोसा खाल्लास.

आता तो डोसा मला घशाखाली उतरत नाही.

दिवाळीनंतरच्या नांदेडच्या सभेत मी बोलतो, असं तूच लिहून कळवलंस. अर्धापूरला केळी पिकवायच्या बंद खोल्या असतात, त्यातलं तापमान सांभाळणारं यंत्र तू बनवलं होतंस आणि एकदा ते फसून सगळी केळी एकाच दिवशी पिवळीधमक झाली होती. तेच सांगणार होतास. मी आनंदानं नाचायचीच राहिले. नेहमीपेक्षा मोठा हॉल घेतला. प्राध्यापक बोलावले, विद्यार्थी बोलावले, शंभरेक माणसं जमवली. तुला कितीजण हवेत हे विचारलंच नाही. आणि व्याख्यान म्हणून गोल खुर्च्या नाहीत, फेरा नाही, सरळ स्टेज आणि रांगा.

तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होतास. माइक हातात घेतलास, ‘नमस्कार’ म्हणालास. मग ‘मी’वर अडलास. तुझी मान ताणली गेली, डोळे मिटले. मागं बसलेली दोन-तीन कॉलेजची पोरं खुसखुसली. मी बाजूच्या खुर्चीवर होते. पुण्याचा तो जिना माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. मी उठले, हसत हसत तुझ्यापाशी आले, माइक घेतला आणि म्हणाले, ‘हा आमचा मन्मथ. लाजतो फार. त्याच्या वतीनं मीच सांगते.’ आणि सांगितलं. सगळं. केळ्यांचं, यंत्राचं, तुझ्या फजितीचं. टाळ्या पडल्या. तेवढा वेळ तू माझ्या शेजारी उभा राहून एकेक स्लाइड पुढं सरकवत होतास.

त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, ‘आज मी मन्मथला वाचवलं.’ असं म्हणाले मी, आणि शांत झोपले.

पुढच्या पंधरवड्यात अहमदपूरला भेटलो तेव्हा तू आधी डोसा संपवलास. मग अडखळत म्हणालास, ‘दोन मिन्टं थांबली असतीस तर आलं असतं.’

‘पोरं हसायली होती मन्मथ. मी काय बघत बसू?’

‘हसू द्यायचं की. हसून हसून किती हसतील?’

‘मी तुला वाचवलं.’

‘वाचवलं म्हणतीस?’ तू म्हणालास. पुढं काही बोलायला तोंड उघडलंस, अडलास, आणि मी, माझ्या जिभेला हाडच नाही, तेव्हाही थांबले नाही. तू हे म्हणणार असशील, तू ते म्हणणार असशील, असं तुझं सगळं भांडण मीच भांडले आणि मीच जिंकले. तू उठलास. निलंग्याकडची गाडी लागली होती.

म्हणून मी डिसेंबरात लातूरच्या सभेला आले नाही. ऑफिसचं काम निघालंय असं कळवलं. काम नव्हतं. तुझं तोंड बघायचं नव्हतं, म्हणजे माझं तोंड दाखवायचं नव्हतं. नंतर चार दिवसांनी तुझा मेसेज आला: ‘पुढच्या म्हैन्यात नांदेडला परत उभा राहतो. मधे यायचं न्हाई.’ मी त्यावर नुसता अंगठा पाठवला. दोन शब्द लिहायला काय जात होतं? पण मी फुगून बसले होते. आपल्या आठ वर्षांच्या बोलण्यातला माझा शेवटचा शब्द तो अंगठा आहे. तो रोज उघडून बघते. पुसताही येत नाही आणि त्याखाली काही लिहिलं तर वाचायला कुणी नाही.

आणि मग ती उसाची ट्रॉली, मागं दिवा नसलेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

निलंग्याला पोचले तेव्हा तुला अंगणात बसवलं होतं. तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत हे मला ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. अंगाला भस्म, डोक्याला फेटा, गळ्यात हार. समोर सगळा गाव, भजन चाललेलं. एवढ्या माणसांपुढं तू निवांत बसला होतास. सगळे तुझ्याकडं बघत होते आणि तुला त्याचं काही नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, की आता बोल, आता मी थांबते, संध्याकाळपर्यंत थांबते. तुझ्या अव्वानं, तुझ्या आईनं, मला जवळ ओढलं. म्हणाल्या, ‘तुमच्यापुढं बोलायचं म्हणून दोन म्हैने मला रोज समोर बसवत होता बाई. त्यातलं मला काय कळतंय? मी आपली हाव हाव म्हणत होते. लई चांगलं बोलला म्हणं तिथं?’

मी ‘हो’ म्हटलं मन्मथ. काय सांगणार होते त्या माउलीला?

गेल्या रविवारी नांदेडला सभा घेतली. तुझाच दिवस होता, तू उभा राहणार होतास तो. लातूरहूनही माणसं आली. टेबलावर तुझा फोटो ठेवला होता. ‘ताई, तुमच्याशिवाय कोण बोलणार,’ असं म्हणून सगळ्यांनी मला पुढं केलं. माझ्याकडं दोन पानी भाषण तयार होतं, चांगलं होतं, रडवलं असतं मी सगळ्यांना. पण रिवाजाप्रमाणं आधी चुकांचा फेरा, आणि मी उभी राहिले तर ती पानं वाचता येईनात. इतक्या वर्षांत कमावलेलं सगळं एका क्षणात गेलं आणि मी पुन्हा ती दाराजवळची बाई झाले. पानं खाली ठेवली. कसंबसं म्हटलं, ‘माझी चूक सांगते. दिवाळीनंतरच्या सभेत मन्मथ बोलायला उभा होता. मी त्याच्याकडून माइक घेतला. तो बोलला असता. मी बोलू दिलं नाही.’

मग सलीम उभा राहिला. आपला लातूरचा सलीम, आयटीआयला शिकवतो तो.

‘ताई, ही चूक आधीच सांगून झालेली हाय.’

‘कुणी सांगितली?’

‘मन्मथभाऊनं. डिसेंबरात लातूरला. तुम्ही आल्या नव्हत्या.’

‘लिहून?’

‘न्हाई ताई. उभा राहून. खडूला हातबी लावला न्हाई.’ सलीम तुझ्या फोटोकडं बघत होता. ‘मी मन्मथ, एवढं म्हणायलाच लई वेळ लागला. पर म्हटला. आम्ही सगळे गप बसून राहिलो. नऊ मिन्टं बोलला, मी भितीवरच्या घड्याळात बघत होतो. म्हणला, माइक माझ्या हातात होता, रेणुकानं घेतला न्हाई, मीच भेलो आन् मीच सोडला. चूक माझी हाय. तिला कुणी काही बोलायचं न्हाई.’

मला आधी ते समजलंच नाही. मी विचारलं, ‘कुणाकडं रेकॉर्डिंग आहे का रे? थोडंसं? आवाज तरी?’

सलीम खाली बघत म्हणाला, ‘फेऱ्यात फोन बंद असतेत ताई. पिशवीत जमा करतो ना आपण. तुमचाच नियम हाय.’

माझाच. लोक आपल्या कंपन्यांतल्या चुका सांगतात, कुणाची नोकरी जायला नको, म्हणून मीच ठरवलं होतं की फेऱ्यात फोन चालू ठेवायचा नाही आणि फेऱ्यातलं बाहेर न्यायचं नाही. तो सगळ्यांनी इतका इमानदारीनं पाळला की महिनाभर मला एकानंही सांगितलं नाही. तू मात्र मेसेज केला होतास. परत उभा राहतो, म्हणाला होतास. ‘परत’ हा शब्द मी वाचलाच नाही.

त्या दिवशी लातूरला सव्वीस माणसं होती. यादी घेऊन मी एकेकाला फोन करून राहिले आहे, नियम मोडून. एकोणीस झाले. कुणी म्हणतं तू घामानं भिजला होतास. कुणी म्हणतं हसत होतास. उदगीरची ती नवी मुलगी म्हणाली, केळ्यांचंही काहीतरी सांगितलं सरांनी, पण काय ते तिला आठवेना. मी तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष? सलीम तू बोलायचास तसं बोलून दाखवायला लागला तेव्हा मी फोन ठेवून दिला. नवरा म्हणतो, आता पुरे कर. करते ना. सात राहिलेत. त्यांचं ऐकते आणि पुरे करते. मग काय करायचं ते मला माहीत नाही. मी त्या रविवारी घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते, मन्मथ. तू माझ्या गावापासून चार तासांवर उभा राहून बोललास आणि सव्वीस जणांनी ऐकलं. मी नाही ऐकलं. तुझी अव्वा सुद्धा माझ्यापेक्षा भाग्याची.

आणि तू खोटं बोललास. आयुष्यात एकदा चारचौघांत उभा राहून बोललास, आणि तेही माझ्यासाठी खोटं. तू माइक सोडला नव्हतास. तुझी मूठ आवळलेली होती. मी लोकांकडं बघून हसत होते आणि खाली तुझी बोटं एकेक करून सोडवत होते. शेवटचं बोट तर मला ओढावं लागलं. खाली बसलेल्या कुणालाच ते दिसलं नाही, आणि रविवारी सुद्धा मी एवढं सांगितलं नाही, नुसतं ‘घेतला’ म्हटलं. ते तुला माहीत होतं आणि मला. आता एकट्या मला माहीत आहे.